पहिल्यांदा केस रंगवताय? काळ्या पाकिटाकडे हात नेण्याआधी

नाशिकच्या मेनरोडवरच्या एखाद्या दुकानात जाऊन "पांढऱ्या केसांना लावायला काहीतरी द्या" म्हटलं, की बहुतेक वेळा समोर काळं पाकीट येतं. घेणाराही ते निमूट घेतो. केस मुळात काळे होते, मग रंगही काळाच हवा, हा हिशेब इतका सरळ वाटतो की दुसरा विचार मनात येत नाही. पहिल्या रंगातल्या बऱ्याच चुका इथेच सुरू होतात. काळा रंग लावणं सोपं, पण नको झाल्यावर तो काढणं महाकठीण. म्हणून आमचा आग्रह एकच आहे: पहिला रंग असा निवडा, की ज्यातून मागे फिरता येईल.

हे कशामुळे, ते कळायला केसाच्या आत काय घडतं ते पाहू. केसावर बाहेरून कौलांसारखे एकावर एक रचलेले पारदर्शक खवले असतात आणि आत तंतूंचा गाभा असतो. केसाचा काळेपणा या गाभ्यात असतो, मेलॅनिन नावाच्या रंगकणांमुळे. केस मुळाशी घडत असताना तिथल्या रंगपेशी त्यात हे कण भरतात. त्या पेशी थांबल्या की पुढचा केस रंगाविनाच वर येतो. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असल्यामुळे कुठलंही तेल किंवा कांद्याचा रस त्याला पुन्हा काळं करू शकत नाही. पांढरा केस बरेचदा जाड आणि राठही असतो, त्याची कौलं घट्ट मिटलेली असतात. कानशिलावरचे आणि कपाळाच्या कडेचे पांढरे केस रंग धरायला कुरकुर करतात, ते यामुळेच.

बाजारातले सगळे रंग या कौलांशी कसे वागतात त्यावरून ओळखता येतात.

पहिला प्रकार कौलांवर नुसता बसतो. रूट टच-अपची स्टिक, पावडर, स्प्रे यात येतात. एका धुण्यात गेले. भांगातली पांढरी रेघ आज संध्याकाळच्या लग्नापुरती झाकायची असेल, तर यापलीकडे जायची गरजच नाही. फक्त घाम आणि पाऊस यांच्यापुढे तो टिकत नाही.

दुसरा सेमी-परमनंट. यात रंग तयारच असतो, काही मिसळावं लागत नाही. तो कौलांच्या फटींत थोडा शिरतो आणि साधारण सहा ते बारा धुण्यांत निघून जातो. पांढऱ्या केसावर तो पातळ, आरपार दिसणारा बसतो, म्हणजे झाकतो कमी आणि मिसळवतो जास्त. सुरुवातीला उशीचा अभ्रा रंगू शकतो, जुना टॉवेल वापरा.

तिसरा डेमी-परमनंट. यात रंगाचं क्रीम सौम्य डेव्हलपरमध्ये मिसळतात. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, इथे साधारण २ ते ३ टक्के. रंग कौलांखाली जातो, पण केसाचा स्वतःचा काळेपणा जवळपास तसाच राहतो. वीस-चोवीस धुण्यांत तो हळूहळू फिकट होतो आणि मुळाशी ठळक रेघ सोडत नाही. आमच्या मते पहिल्यांदा रंगवणाऱ्या बहुतेकांनी सुरुवात इथून करावी.

चौथा परमनंट, ज्याला आपण सर्रास डाय किंवा कलप म्हणतो. याची करामत जवळून पाहण्यासारखी आहे. २० ग्रॅम क्रीम आणि २० मिलि डेव्हलपर प्लास्टिकच्या वाटीत एकत्र करा. घोटताना मिश्रण पांढरट असतं. पाच मिनिटांत कडा तपकिरी होतात, आणि वाटी तशीच ठेवली तर अर्ध्या तासात वरचा थर काळपट जांभळा होतो. हीच क्रिया केसाच्या आत व्हायला हवी असते. अमोनिया कौलं उघडतो, बारीक आणि जवळजवळ बिनरंगी रेणू आत शिरतात, पेरॉक्साइडमुळे ते एकमेकांना जोडले जाऊन मोठे आणि रंगीत होतात, आणि मग आलेल्या वाटेने बाहेर पडू शकत नाहीत. यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. मिश्रण कालवल्यावर लगेच लावायला घ्यायचं, कारण वाटीत घडलेला रंग केसाच्या आत जात नाही. आणि वेळेआधी धुवायचं नाही, कारण मग रंग अर्धवट घडतो, आठवड्याभरात उतरतो, आणि "कंपनी खराब" असं वाटत राहतं.

"ताई, अमोनिया-फ्री आहे ना? मग ॲलर्जीची टेस्ट कशाला?" हा प्रश्न पार्लरमध्ये हमखास येतो. अमोनिया नसला तर त्याच्या जागी बहुधा इथेनॉलअमीन असतं. त्याला तसा उग्र वास नाही, डोळे तितके झोंबत नाहीत, एवढाच मोठा फरक. पेरॉक्साइड असतंच. आणि ज्याची ॲलर्जी येते ते रसायन अमोनिया नव्हेच. ते पीपीडी, म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन, किंवा त्याची भावंडं. ती अमोनिया-फ्री डब्यातही असतात आणि बऱ्याच डेमी रंगांतही.

आधी पांढरे मोजा

दुपारच्या उजेडात खिडकीशी उभे राहा. कानशील, भांग, माथा आणि मान, अशा चार ठिकाणी बोटभर रुंदीची बट उचलून पाहा. मागचे फोटो घरातल्या कुणाला तरी काढायला सांगा. ट्यूबलाइटखाली केलेला अंदाज चुकतो, आणि आरशात आपल्याला फक्त पुढचंच डोकं दिसतं. अनेकांचे केस पुढे निम्मे पांढरे आणि मागे जवळजवळ काळे असतात; त्यांना अख्खं डोकं रंगवायची गरज नसते.

चौथाईपेक्षा कमी पांढरे असतील तर सेमी किंवा डेमी पुरे, तेही फक्त पुढच्या भागाला. चौथाई ते निम्मे असतील तर डेमी. निम्म्याहून जास्त असतील आणि एकही पांढरा दिसू नये असं वाटत असेल, तरच ६ टक्के पेरॉक्साइडचा परमनंट रंग घ्या. पार्लरमध्ये त्यालाच २० व्हॉल्यूम म्हणतात. ३० किंवा ४० व्हॉल्यूमचं पांढरे झाकण्याच्या कामात काही काम नाही. त्याने केस आणखी उजळतात आणि कोरडे पडतात.

आता देखभालीचा हिशेब. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. निम्मं डोकं पांढरं आणि वर कुळकुळीत काळा डाय, तर तिसऱ्या आठवड्यात भांगात पांढरी पट्टी उभी राहते. दर तीन आठवड्यांनी लावायचं म्हटलं तर वर्षाला सतरा वेळा. मऊ तपकिरी डेमी पाच-सहा आठवडे नेता येतो, म्हणजे नऊ-दहा वेळा. दर महिन्याला रविवारची सकाळ यात घालवायची तयारी आहे का, ते आत्ताच स्वतःला विचारा.

आकडे कसे वाचायचे

पाकिटावर १, ३, ४, ५ असे आकडे असतात. १ म्हणजे काळा, आणि आकडा वाढत जाईल तसा रंग उजळ. आपले मूळ केस काळे दिसले तरी उन्हात बहुतेकांचे २ किंवा ३ च्या आसपास, गडद तपकिरी असतात. म्हणून १ नंबर लावला की तो आपल्या मूळ केसांपेक्षाही काळा दिसतो, आणि चेहऱ्याभोवती रंगवलेल्या टोपीसारखी कडा उठते. पहिल्या वेळी ४ घ्या, केस खूप काळे असतील तर ३. काळ्या केसावर ४ नंबरचा डेमी जवळपास दिसतच नाही, पांढरा केस मात्र तपकिरी होतो, आणि दोन्ही मिळून एकजीव दिसतात.

टिंबानंतरचा आकडा छटेचा: बऱ्याच कंपन्यांत .१ राखाडी, .३ सोनेरी, .४ तांबूस, .५ महोगनी, .६ लाल. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी वेगळी असते, तेव्हा खोक्यावरचं नावही वाचा. बर्गंडी किंवा लालसर शेड थेट पांढऱ्या केसावर लावली की पांढरी बट भडक लाल-गुलाबी होते आणि शेजारच्या काळ्यावर काहीच दिसत नाही. अशी शेड हवीच असेल तर त्याच कंपनीच्या साध्या ४ किंवा ५ मध्ये निम्मी-निम्मी मिसळावी लागते.

एक नियम मात्र पाठच करा: डायवर डाय लावून रंग फिका होत नाही. काळा झालेला केस तपकिरी करायचा तर आधी रंग काढावा लागतो, बहुधा ब्लीचने, आणि त्यात केसाचं नुकसान होतं. फिक्याकडून गडदकडे पुढच्याच आठवड्यात जाता येतं. उलटा प्रवास महागात पडतो.

मेंदीचं काय?

"आधी मेंदी लावून बघू, नैसर्गिक आहे, काही बिघडणार नाही" हा सल्ला घरोघरी मिळतो. मेंदी चांगली गोष्ट आहे, पण 'लावून बघायची' गोष्ट नाही. तिच्यातलं लॉसोन नावाचं रंगद्रव्य केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, धरून बसतं आणि ते धुऊन जात नाही. चमक कमी होते, पण तो केस कापला जाईपर्यंत केशरीपणा राहतो. म्हणजे ज्याला आपण सौम्य सुरुवात समजतो, तोच सगळ्यांत कायमचा रंग.

शुद्ध मेंदी पांढऱ्या केसावर केशरी-तांबडीच चढते. पाकिटावर 'काळी मेंदी' आणि 'अर्ध्या तासात काळे केस' असं लिहिलं असेल, तर आत नुसती मेंदी नाही. बहुधा पीपीडी आहे, म्हणजे तो पावडर डायच आहे. मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांत फक्त लॉसोनिया इनर्मिस, म्हणजे मेंदीचं वनस्पतिशास्त्रीय नाव असेल, तर ती शुद्ध.

मेंदीने काळा रंग हवा असेल तर दुसऱ्या टप्प्यात नीळ लागते. कपड्यांना देतो ती नीळ नव्हे. इंडिगोफेरा टिंक्टोरिया या झाडाच्या पानांची पूड, जी केसांची इंडिगो पावडर म्हणून मिळते. खांद्यापर्यंतच्या केसांना १०० ग्रॅम मेंदी साध्या पाण्यात दह्याइतकी घट्ट भिजवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात चार-पाच तासांत रंग सुटतो. डिसेंबरात रात्रभर आणि वर सकाळचे काही तास लागतात. तेल न लावलेल्या केसांवर तीन तास ठेवा आणि नुसत्या पाण्याने धुवा. मग १०० ग्रॅम इंडिगो कोमट पाण्यात चिमूटभर मीठ घालून कालवा, दहा-पंधरा मिनिटं झाका. हिरव्या लगद्यावर निळसर साय दिसू लागली की ताबडतोब लावायला घ्या. लिंबू घालायचं नाही आणि भिजवून ठेवायचं नाही, त्याचा जोर तासाभरात ओसरतो. दीड-दोन तासांनी धुतल्यावर केस हिरवट दिसतील. घाबरू नका आणि दोन दिवस शाम्पू लावू नका. हवेशी संयोग होऊन रंग काळा होत जातो. तपकिरी हवा असेल तर दोन्ही पावडरी निम्म्या-निम्म्या एकत्र करून लावतात.

लोखंडी कढईत मेंदी भिजवायची जुनी पद्धत रंग गडद करते खरी, पण लोहाचा अंश केसावर राहतो. पुढे कधी पेरॉक्साइडचा डाय लावला तर ते लोह पेरॉक्साइडला चेव आणतं आणि केस खरखरीत होतो. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक) फवारणाऱ्यांनी हेच मोरचुदातल्या तांब्याबद्दल लक्षात ठेवावं. फवारणीच्या दिवसांत डोकं झाका, आणि केस दोन-तीनदा नीट धुतल्याशिवाय डाय लावू नका. इंडिगो चढलेल्या केसाला पुढे ब्लीच केलं तर तो हिरवा पडू शकतो, हेही आधीच माहीत असलेलं बरं. जी-सिक्स-पीडीची, म्हणजे तांबड्या रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची, जन्मजात कमतरता असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेंदीही लावू नये.

अठ्ठेचाळीस तास

आता जे सांगतोय ते कृपा करून टाळू नका. पीपीडी असलेल्या रंगावर 'त्वचेला त्रास होऊ शकतो, आधी चाचणी करा, भुवया-पापण्यांना लावू नका, अंधत्व येऊ शकतं' अशा अर्थाचा इशारा छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. तो इशारा उगाच नाही. चाचणी अशी: मिश्रणाचा वाटाण्याएवढा ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा, पाकिटावर दिलेल्या वेळाने पुसा, आणि ४८ तास पाहा. ही ॲलर्जी उशिरा उमटते, बरेचदा दुसऱ्या दिवशी. पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून चाचणी संपली, असं होत नाही. खाज, लाली, बारीक फोड, यांतलं काहीही दिसलं तर तो रंग डोक्याला लावायचा नाही.

वर्षानुवर्षं लावूनही ही ॲलर्जी एखाद दिवशी नव्याने सुरू होऊ शकते, म्हणून चाचणी दर वेळी करायची. एकदा ती जडली की सहसा जन्मभर राहते. क्रीम, पावडर, काळी मेंदी, सगळंच बंद. पूर्वी जत्रेत काढलेल्या काळ्या 'टॅटू मेंदी'ने हातावर फोड आले असतील तर तुमच्यासाठी धोका जास्त आहे. आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. डाय लावल्यावर पापण्या सुजल्या किंवा टाळू आग आग करू लागली तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरकडे जा. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर थेट दवाखाना गाठा. आणि पावडर डायची पाकिटं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. पोटात गेलेलं पीपीडी जीवघेणं असतं.

त्या ४८ तासांत आणखी एक काम उरका. कंगव्यात आलेले किंवा कानामागून कापलेले आठ-दहा पांढरे केस दोऱ्याने बांधा, त्यांना रंग लावा, ३० मिनिटांनी धुऊन वाळवा आणि बाल्कनीत उन्हात धरा. खोक्यावरच्या मॉडेलच्या केसांपेक्षा ही चिमूटभर जुडी तुम्हाला जास्त खरं सांगेल.

लावायच्या दिवशी

केस आदल्या दिवशी धुतलेले असावेत, त्याच दिवशी नाही. टाळूवरचा नैसर्गिक तेलाचा थर थोडं संरक्षण देतो. खोबरेल मात्र लावू नका, ते रंगाला अडवतं. टाळूवर जखम किंवा नुकतंच ओरबाडलेलं असेल तर आठवडाभर थांबा. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन लावा, पण केसांना लागू देऊ नका, तिथे रंग चढणार नाही.

पुरुषांच्या आखूड केसांना २० ग्रॅम क्रीम आणि तेवढाच डेव्हलपर बहुधा पुरतो. खांद्यापर्यंतच्या केसांना साधारण ६० ग्रॅम क्रीम लागतं, लांब वेणीला त्याच्या दुप्पट. प्रमाण पाकिटावर दिलं असेल तेच ठेवा. "जास्त काळा व्हावा" म्हणून डेव्हलपर कमी घातला तर रंग नीट घडत नाही. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको. हातमोजे घाला. उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, त्यातून वायू सुटत राहतो आणि झाकण उडू शकतं.

सुरुवात जिथे पांढरे दाट तिथून करा, म्हणजे बहुतेकांना कानशिलापासून. अर्धा सेंटिमीटरच्या पातळ बटा घ्या. जाड बट घेतली की मधले केस कोरडे राहतात आणि धुतल्यावर पांढरे ठिपके डोकावतात. लावून झाल्यावर घड्याळ लावा, लावायला सुरू केल्यापासून नव्हे. सहसा ३० ते ३५ मिनिटं, पण अंतिम शब्द पाकिटाचा. नाशिकच्या जानेवारीत बाथरूम गारठलेलं असतं आणि गारव्यात रंग सावकाश घडतो, म्हणून खोलीत बसा आणि दिलेल्या वेळेतली वरची मर्यादा धरा. ड्रायरची गरम हवा मात्र मारू नका. दाढी-मिशीला डोक्याचा रंग लावू नका. तिथल्या त्वचेसाठी वेगळी उत्पादनं आणि वेगळी, बरीच कमी वेळ असते.

धुण्याआधी थोडं पाणी घेऊन कडेकडेने फेस करा आणि तोच कपाळावर फिरवा, डाग बऱ्यापैकी निघतात. मग पाणी स्वच्छ येईपर्यंत कोमट पाण्याने धुवा. पुढचे दोन-तीन दिवस शाम्पू नको.

पाण्याचाही यात वाटा असतो. महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी नळाला येत असेल तर फारशी चिंता नाही. पण सोसायटी बोअरवेलवर चालत असेल, गीझरचा रॉड पांढरा पडत असेल, साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी जड आहे. त्यातले क्षार केसावर बसतात आणि रंग निस्तेज दिसतो. अशा घरात रंगाआधीचं धुणं आणि शेवटचे दोन तांबे तरी नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

पाच आठवड्यांनी मुळं दिसू लागली की पुन्हा अख्ख्या केसांना रंग फासू नका. टोकांवर दर वेळी थर चढत गेला की मुळाशी तपकिरी आणि टोकाला काळं असं दोन रंगांचं डोकं तयार होतं. नव्याने आलेल्या त्या सेंटिमीटरभर केसालाच लावा, आणि बाकीचे केस निस्तेज वाटत असतील तर शेवटची पाच मिनिटं तोच रंग ओल्या हाताने खाली ओढा. ४ नंबर फारच तपकिरी वाटला असेल, तर याच वेळी ३ वर जायचं.